हवा कुठवर आलीय?

आमच्या घरात एक आवाज घड्याळासारखा होता. सकाळी आप्पा दारातल्या ट्रकचं इंजिन चालू करून खाली उतरत, चूळ भरत आणि ओट्यावर चहाला बसत. इंजिन आपलं गुरगुरत राही. पाच-सात मिनिटांनी 'फस्स' असा आवाज येई, गोठ्यातल्या म्हशीनं नाक फुरफुरावं तसा. बशीतून वर न बघता आप्पा म्हणत, "भरली." हवेची टाकी भरली, जादा हवा वॉलमधून बाहेर पडली, आता ब्रेकवर भरवसा ठेवायला हरकत नाही, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात असे. तो शब्द उच्चारल्याशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नाही.

आता आप्पा गाडी चालवत नाहीत. दारातला ट्रक जाऊन तिथं एक सहा टायरी जुना टिपर आला आहे आणि तो माझ्या नावावर आहे. माझं काम वहीचं. डिझेल किती, हप्ता किती, ड्रायव्हरचा भत्ता किती, कुठला पार्ट कधी बदलला. गाडीखाली जाण्याचा प्रसंग मला मागच्या मे महिन्यापर्यंत आला नव्हता.

जत तालुक्यातल्या एका पाझर तलावातून गाळ काढायचं काम चाललं होतं. २०१७ साली सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली, तेव्हापासून उन्हाळ्यात आमच्या टिपरला हे काम बऱ्यापैकी मिळतं. पोकलेन भरतो, टिपर शेतात नेऊन ओततो. हा तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. त्याच्या भरावावर सोळा वर्षांच्या आप्पांनी पाट्या वाहिल्या होत्या आणि दुपारी सुकडी खाल्ली होती. ज्या खड्ड्यातून तेव्हा माती वर आणली, त्याच खड्ड्यात पन्नास पावसाळ्यांनी आणून टाकलेली माती आता आमचा टिपर उपसत होता. आप्पांना याची गंमत वाटे. "मी काढली ती परत आली, आता तू काढ," असं ते ड्रायव्हरला सांगत.

एका दुपारी वळीव आला आणि अर्ध्या तासात गेला. पण कोरडा असताना पिठासारखा असलेला तो गाळ भिजल्यावर लोण्यासारखा झाला. भरलेल्या टिपरचं डावं मागचं चाक रुतलं. ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, डावं चाक नुसतं गरगरतंय, उजवं ढिम्म उभं हाय. आन् लॉक घेईना."

हे 'लॉक' काय असतं, ते मला आप्पांनीच दाखवलं होतं, मी सातवीत असताना. त्यांनी ट्रकचा मागचा एक्सल जॅकवर उचलून खाली घोड्या लावल्या होत्या. दोन्हीकडची चाकं अधांतरी. गाडी गिअरमध्ये टाकून त्यांनी मला डावं चाक फिरवायला सांगितलं. मी दोन्ही हातांनी टायरच्या खाचा धरून अंगातलं सगळं बळ लावलं. चाक पुढं सरकलं. "आता तिकडं बघ." पलीकडं जाऊन बघते तर आई उभी होती आणि हसत होती. तिच्या समोरचं चाक, कुणी हात न लावता, मागं फिरत होतं. मला ती जादू वाटली. दोन्ही चाकं एकाच दांडीला असतील तर दोन्ही एकाच दिशेनं फिरायला नकोत का?

ती एका दांडीला नसतात. मध्ये फुगीर हाउसिंग असतं, त्यात दात्यांची चक्रं, म्हणजे डिफरन्शियल, असतात आणि तिथून दोन अर्ध्या दांड्या दोन्हीकडं जातात. कशासाठी, हे आप्पांनी खळ्यावरच्या मळणीनं समजावलं होतं. तिवड्याला पात बांधली की तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो, कडेच्या बैलाला मात्र मोठा फेरा पडतो. म्हातारा बैल आत, तरणा बाहेर. गाडी वळते तेव्हा चाकांचंही तसंच होतं. पुढं मी स्वतः हिशेब करून पाहिला. दोन बाजूंच्या चाकांत १.८ मीटर अंतर धरलं, तर गाडी तोंड फिरवून उलट दिशेला उभी राहीपर्यंत बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साडेपाच मीटरहून जास्त चालतं. वळण आवळ असो की ऐसपैस, फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एका दांडीला जखडली असती तर प्रत्येक वळणावर एकानं फरफटत जायचं, टायर झिजवायचे आणि एखाद्या दिवशी दांडी पिळून मोडायची. वाहनाच्या चाकांसाठी या अडचणीवर १८२७ साली फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर यानं पेटंट घेतलं, वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी. तो घड्याळजी होता, याचं मला नवल वाटत नाही. दोन काट्यांना वेगवेगळ्या चालीनं चालवायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचायचं.

या डिफरन्शियलचा चांगुलपणा रस्त्यावर उपयोगी पडतो आणि चिखलात नडतो. ते जोर दोन्ही बाजूंना सारखा वाटतं. निसरड्यातल्या चाकाला फिरायला जेमतेम जोर पुरतो आणि तेवढाच कोरड्या जमिनीवरच्या चाकाच्याही वाट्याला येतो. तेवढ्यात ते हलत नाही. एक चाक थांबलं की त्याच्या वाटची फेरी दुसऱ्याकडं जाते आणि ते दुप्पट गरगरतं. मग लॉक घ्यायचं. हाउसिंगच्या एका अंगाला छोटा सिलिंडर असतो. केबिनमधलं बटण दाबलं की हवा त्यात शिरते, पिस्टन पुढं सरकतो, त्याला जोडलेला फोर्क एक दातेरी कडं ढकलतो आणि एका बाजूची दांडी डिफरन्शियलच्या खोक्याला घट्ट जखडते. आता दोन्ही चाकं एकच. बटण काढलं की हवा सुटते, स्प्रिंग कडं मागं ओढते, पुन्हा दोन्ही मोकळी.

आमचं घेत नव्हतं. डॅशबोर्डवरचा दिवा लागत नव्हता. शेवटी गाळ रिकामा करून पोकलेननं साखळी लावून टिपर बाहेर काढला आणि संध्याकाळी तो दारात येऊन उभा राहिला, गुडघाभर चिखलात बुडून आलेल्या पोरासारखा.

मी मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "वॉल गेला असंल. नवा टाकून बघू." मी किंमत विचारून वहीत पेन्सिलीनं लिहिलीसुद्धा. आप्पा बाजेवर बसले होते. मी काय लिहितेय ते त्यांनी वाकून वाचलं.

"वॉल गेलाय, हे कुणी बघितलं?"

"मिस्त्री म्हणतात."

"म्हणतात. हवा कुठवर आलीय ते बघितलं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते बघायला बसलो. बसलो म्हणजे आप्पा बाजेवर, ड्रायव्हर गाडीखाली आणि मी दोघांच्या मध्ये. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले. आप्पांची पद्धत सोपी होती. "मोडलंय काय, ते पुढचं. आधी नीट कुठवर हाय ते सांग." हवा टाकीतून निघते आणि सिलिंडरपर्यंत जाते. हा एकच रस्ता. त्या रस्त्यानं आपण हवेच्या बरोबर चालत जायचं आणि ती जिथं आपल्याला सोडून जाईल तिथं थांबायचं.

पहिला मुक्काम टाकीचा. काटा आठावर होता. हे बघणं आधी का, तर गाडीत हवेच्या वाटण्या ठरलेल्या असतात. कॉम्प्रेसरकडून आलेली हवा एका चौफुलीच्या वॉलमधून जाते. तो आधी ब्रेकच्या टाक्या भरू देतो. लॉक, हॉर्न यांच्या वाट्याला हवा त्यानंतर. घरात दाणे कमी असले की आधी पोरांची ताटं वाढावी तसं. टाकी अर्धवट असताना बटण दाबून 'लॉक बिघडलं' म्हणणारे ड्रायव्हर आप्पांनी पुष्कळ पाहिलेत.

दुसरा मुक्काम वॉल. मी चावी फिरवून बटण दाबलं. चासीला लावलेल्या त्या डबीवर ड्रायव्हरनं बोट ठेवलं होतं. "टिक केलं." म्हणजे वीज येतेय. मी वहीतल्या पेन्सिलीच्या आकड्यावर काट मारली. वॉल जिवंत होता.

तिसरा मुक्काम एक्सलवरचा नायलॉनचा पाइप. बटण काढून, आतली हवा सोडून, पाइप सिलिंडरपासून सोडवला. ड्रायव्हरनं पाइपचं तोंड जमिनीकडं धरलं, मी पुन्हा बटण दाबलं. धूळ उडाली. हवा इथवर सणसणीत येत होती. पाइप परत जोडला, साबणाच्या पाण्याचा फेस प्रत्येक जोडावर लावला, बटण दाबलं. एकही फुगा आला नाही. आणि तरी केबिनमधल्या काट्याकडं बघत राहिले तर तो मुंगीच्या पावलानं खाली येत होता. हवा जात होती. बाहेर कुठंच येत नव्हती.

ड्रायव्हरनं खालून विचारलं, "आप्पा, तुमास्नी कुठं आवाज येतोय का बघा की."

आप्पा म्हणाले, "आधी इंजिन बंद करा. त्याशिवाय ऐकू कसं येणार?"

इंजिन बंद होतं. अर्ध्या तासापूर्वीच टाकी भरून मी ते बंद केलं होतं. आवारात चिमण्यांशिवाय आवाज नव्हता. ड्रायव्हर गाडीखालून माझ्याकडं बघत राहिला आणि मी आप्पांकडं. ते आमच्या तोंडाकडं बघत होते आणि आम्ही इंजिन बंद करायची वाट बघत होते.

वर्षभर आम्ही म्हणत होतो, आप्पा चिडके झालेत. हाक मारली की ओ देत नाहीत, टीव्ही गावाला ऐकू जाईल एवढा लावतात, आई एक विचारते, हे दुसरंच सांगतात आणि वर तिच्यावरच ओरडतात. फोनवर 'हॅलो हॅलो' करून आपटून ठेवतात, म्हणून मी त्यांना दोनदा फोन बदलून दिला. जुन्या ट्रकमध्ये इंजिन केबिनच्या आतच असे, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या झाकणाखाली. त्याच्याशेजारी त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं काढली. गाडी सुटली, पण ते इंजिन त्यांच्या कानात चालूच राहिलं होतं. त्यांना वाटे, ते बाहेरच कुठंतरी चालू आहे आणि आम्ही बंद करत नाही.

मला त्या क्षणी काही बोलता आलं नाही. आप्पाच उठले. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं असावं. न कळण्याइतका तो माणूस भोळा नव्हता. "बरं," एवढंच म्हणाले आणि गाडीच्या मागं जाऊन बसकण मारून वाकले. "श्वास बघा तिचा."

हाउसिंगच्या माथ्यावर एक बोंडाएवढी टोपी असते, ब्रीदर म्हणतात तिला. गाडी पळून हाउसिंगमधलं तेल तापलं की आतली हवा फुगते. ती या टोपीतून बाहेर जाते, गार झाल्यावर परत येते. आमची टोपी दिसतच नव्हती. तलावाच्या गाळानं तिच्यावर खापरासारखा पापुद्रा धरला होता. ड्रायव्हरनं तो खरवडला, टोपीच्या भोकात तार घातली. आप्पांनी तळहात पाण्यात बुडवून टोपीवर धरला आणि मला बोटानं खूण केली. मी बटण दाबलं.

"आली," आप्पा म्हणाले. त्यांचा तळहात गार पडला होता. मागोमाग आम्हालाही ऐकू आलं, जुन्या गिअर ऑइलच्या वासाचा एक लांबच लांब सुस्कारा.

रस्ता सापडला होता. हवा सिलिंडरपर्यंत ठीक येत होती. तिथं पिस्टनच्या कडेची रबराची रिंग गेली होती. पिस्टन ढकलण्याऐवजी हवा त्याला वळसा घालून सरळ हाउसिंगमध्ये शिरत होती. श्वासाचं भोक गाळानं बुजलेलं. मग ती आत कोंडून काय करत असेल?

हे उत्तर माझ्याकडं होतं, पण ते माझ्याकडं आहे हे मला माहीत नव्हतं. मी वही उघडली. चार महिन्यांत दोनदा डाव्या मागच्या चाकाचं ऑइल सील बदललं होतं. दुसऱ्या वेळी ब्रेकचे लायनरही, कारण ते तेलानं भिजले होते. पहिल्या वेळी गॅरेजवाला म्हणाला, सील जुनं होतं. दुसऱ्या वेळी म्हणाला, मागचं सील हलकं होतं. दोन्ही पटण्यासारखं. पण दोन्ही नोंदींच्या वर मीच लिहिलेलं होतं, 'गाळाचं काम'. रस्त्याच्या कामावर मुरूम वाहताना एकदाही सील गेलं नाही. गाळात ड्रायव्हर लॉक वापरी, लॉक वापरलं की हाउसिंगमध्ये हवा कोंडे, आणि ती कोंडलेली हवा तेलाला पुढं घालून सर्वांत दुबळ्या दाराकडं, चाकाच्या सीलकडं, ढकलत नेई. तेल दिसायचं चाकाशी, म्हणून आम्ही चाकाची दुरुस्ती करत राहिलो. ब्रेकच्या लायनरवर तेल घेऊन आमची गाडी घाट उतरली असती तर, हा विचार मी पुरा केला नाही.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. संध्याकाळी मी त्या दोन सीलच्या नोंदींकडं बघत बसले आणि मला त्या दोन फोनची आठवण होत राहिली. तेही वहीत होते, तारखेसकट.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी डोक्यात घोळत होती. याच गाडीत, याच हवेवर दोन यंत्रणा चालतात आणि त्यांची रीत अगदी उलटी आहे. लॉकमध्ये हवा जखडते आणि स्प्रिंग सोडवते. हँडब्रेकमध्ये स्प्रिंग जखडते आणि हवा सोडवते. हवा गेली की लॉक सुटतं, हवा गेली की हँडब्रेक लागतो. यामागं कुणीतरी बसून एकच प्रश्न विचारलेला आहे: उद्या हवा गेलीच, तर काय झालेलं बरं? उभ्या गाडीनं उभंच राहिलेलं बरं. चालत्या गाडीची चाकं मोकळी झालेली बरी. हे शहाणपण पहिल्या फटक्यात आलेलं नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८६९ साली रेल्वेसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, त्यात पाइपमध्ये हवा भरली की ब्रेक लागे. पाइप तुटला की हवाही नाही आणि ब्रेकही नाही. तीन वर्षांनी त्यानं ते उलटं केलं. पाइपमधला दाब कमी झाला की ब्रेक आपोआप लागायचा. दाब गेल्यावर मागं काय उरावं, याची तजवीज दाब असतानाच करून ठेवायची असते. आप्पांचे कान गेले, पण हात ओला करून वारा ओळखायची तजवीज त्यांनी कधीतरी, ऐकू येत होतं तेव्हाच, करून ठेवली असणार. तेव्हा ती मला नुसती लकब वाटायची.

मिस्त्रींनी सिलिंडर खोलला. रिंग हातात घेऊन वाकवली तर ती मोडली, वाळलेल्या चिंचेच्या शेंगेसारखी. नवी रिंग चहा-नाष्ट्याच्या पैशात आली. ती बसवली, ब्रीदरची टोपी धुऊन लावली, तेलाची पातळी बघून भर घातली. मग मागचा एक्सल उचलून घोड्या लावल्या, चाकं अधांतरी केली, हँडब्रेक सोडला. मी बटण दाबलं.

दिवा लागला नाही.

मिस्त्रींचं तोंड उतरलं. माझं मन परत पेन्सिलीकडं गेलं. आप्पा मात्र हसत होते. त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांची टोकं एकमेकांवर टेकवून आम्हाला दाखवली. "दात दातावर आलाय. त्याला खाच मिळू दे." ड्रायव्हरनं डावं चाक धरून जरासं, वीतभर, हलवलं. आत 'टक्' झालं, केबिनमध्ये दिवा लागला. सगळं नीट असूनही कधीकधी दात दातावर येतात. तेव्हा जोर लावायचा नसतो, बटणावर बटण दाबायचं नसतं. नुसतं थोडं हलायचं असतं.

"गाडी न्यूट्रल हाय ना? आता फिरव," आप्पा मला म्हणाले. मी डावं चाक फिरवलं. पलीकडं आई येऊन उभी राहिली होती, तेव्हासारखीच. "पुढं चाललंय गं," ती म्हणाली. या वेळी दोन्ही चाकं एकाच दिशेनं फिरत होती.

ड्रायव्हरला आप्पांनी नेहमीचा पाठ पुन्हा ऐकवला. चाक गरगरत असताना लॉक घ्यायचं नाही, आधी थांबायचं. घेतल्यावर सरळ आणि सावकाश जायचं, वळायचं नाही. चिखल संपला की लगेच काढायचं. काढूनही दिवा राहिला तर दात ताणात अडकलेत असं समजून गाडी हातभर मागं घ्यायची, ताण मोकळा झाला की स्प्रिंग तिचं काम करते. डांबरी रस्त्यावर लॉक विसरून गाडी वळवणाऱ्याची दांडी कधी मोडेल, सांगता येत नाही. ड्रायव्हर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता, आणि माझ्या लक्षात आलं की तो 'हो आप्पा' म्हणत नाही, आप्पांच्या नजरेसमोर राहून मान हलवतो. त्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही सांगलीला कानांच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. उजव्या कानात अजून बरंच शिल्लक आहे, असं ते म्हणाले. मला ऐकावंसं वाटलं ते हेच. नीट कुठवर आहे, ते आधी. मशीन आलं आहे. आप्पा ते कधी घालतात, कधी खिशात ठेवतात. आई आता त्यांच्या उजव्या बाजूला बसते आणि भांडण निम्म्यावर आलं आहे.

काल सकाळी ड्रायव्हर उशिरा येणार होता, म्हणून इंजिन मीच चालू केलं. आप्पा ओट्यावर चहा घेत होते, मशीन घरातच कोनाड्यात होतं. काटा सहावर, सातवर, आठावर आला. 'फस्स' झालं. उंबऱ्यातलं मांजर दचकून पळालं. आप्पा बशीतच बघत होते.

मी खाली उतरून त्यांच्या समोर गेले. त्यांनी वर बघितलं.

"भरली," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि बशी खाली ठेवली.